परत बोलाविलेला प्रतिनिधी : चेन पो-वेई आणि तैवानमधील लहान पक्षांचा प्रश्न

ज्या विधिमंडळ-सभासदाची सारी कारकीर्द एकवीस महिन्यांच्या आत आटोपली, ज्याच्या नावाशी एखादा युगप्रवर्तक कायदा निगडित नाही आणि ज्याच्या पक्षाचा सभागृहात तो एकटाच सभासद होता, अशा माणसाविषयी संशोधनपत्रिकेची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकालाही तो पडला होता. परंतु प्रातिनिधिक संस्थांच्या इतिहासात पुष्कळदा असे घडते की, दीर्घ व यशस्वी कारकीर्दीतून जे कळत नाही ते एखाद्या अल्पायुषी कारकीर्दीच्या शेवटातून कळते. चेन पो-वेई हे जानेवारी २०२० मध्ये तैवानच्या विधिमंडळावर निवडून आले आणि २३ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांच्याच मतदारसंघाने त्यांना मतदानाने परत बोलाविले. अशा रीतीने मुदतीपूर्वी पदच्युत झालेले ते त्या विधिमंडळाचे पहिले सभासद होत. २०२५ च्या अखेरपर्यंत तरी दुसरे कोणी झालेले नाही. मतदारांनी त्या दिवशी नेमके कोणाला नाकारले, त्या व्यक्तीला, तिच्या मताला, की तिच्यामागे नसलेल्या पक्षाला, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

आपल्या राज्यघटनेत संसदेच्या वा विधानसभेच्या सभासदास मतदारांनी परत बोलाविण्याची तरतूद नाही. म्हणून या अधिकाराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. सुन यत्-सेन यांच्या राजकीय विचारात लोकांचे चार अधिकार सांगितलेले आहेत : निवडणुकीचा, प्रत्यावाहनाचा म्हणजे परत बोलाविण्याचा, कायदा सुचविण्याचा आणि सार्वमताचा. स्वित्झर्लंड व अमेरिकेतील काही राज्ये यांच्या अनुभवावरून घेतलेली ही कल्पना चिनी प्रजासत्ताकाच्या १९४७ च्या घटनेत शब्दशः उतरली. तिच्या सतराव्या कलमात हे चारही अधिकार नोंदलेले आहेत, आणि एकशेतेहतिसाव्या कलमान्वये निवडून आलेल्या व्यक्तीस तिचा मतदारसंघ परत बोलावू शकतो. कागदावर ही तरतूद मोठी उदार होती. व्यवहारात मात्र १९४८ साली चीनच्या भूमीवर निवडलेले विधिमंडळ १९४९ मध्ये सरकारबरोबर तैवानला आले आणि अधूनमधून झालेल्या पूरक निवडणुका सोडल्या तर १९९१ च्या अखेरपर्यंत तसेच बसून राहिले. ज्या सभासदांचे मतदारसंघच समुद्रापलीकडे राहिले होते त्यांना परत बोलावणार तरी कोण?

त्याच काळात तैवानमध्ये ‘लहान पक्ष’ या शब्दाला एक चमत्कारिक अर्थ प्राप्त झाला. २० मे १९४९ पासून १५ जुलै १९८७ पर्यंत लष्करी कायदा जारी होता आणि नवा पक्ष काढण्यास बंदी होती. कुओमिन्तांगखेरीज तरुण चीन पक्ष आणि लोकशाही समाजवादी पक्ष असे दोन पक्ष तेवढे मान्य होते. ते सरकारी अनुदानावर जगत. लोक त्यांना ‘फुलदाणी’ म्हणत. दिवाणखान्यात शोभेला ठेवावी तशी. खराखुरा विरोधी पक्ष स्थापण्याचा प्रयत्न लेइ चेन यांनी १९६० मध्ये केला तेव्हा ४ सप्टेंबर रोजी त्यांना अटक झाली व दहा वर्षांची शिक्षा भोगावी लागली. १९८६ मध्ये लोकशाही प्रगती पक्ष बंदी मोडून स्थापन झाला आणि १९९२ नंतरच्या खुल्या निवडणुकांत लहान पक्षांना काही काळ बरे दिवस आले. एका मतदारसंघातून अनेक सभासद निवडण्याची तेव्हाची पद्धत त्यांना सोयीची होती. १९९५ मध्ये नव्या पक्षाने २१ जागा जिंकल्या. २००१ मध्ये तैवान ऐक्य संघाने १३, तर जनता प्रथम पक्षाने ४६. पुढे २००५ च्या घटनादुरुस्तीने सभागृह २२५ वरून ११३ जागांवर आणले. त्यातील ७३ जागा एकसदस्य मतदारसंघांच्या, ३४ पक्षयादीच्या व ६ मूलनिवासींच्या ठरल्या. यादीतून जागा मिळण्यास किमान पाच टक्के मतांची अट राहिली. २००८ मध्ये ही व्यवस्था अमलात आली आणि लहान पक्षाला एकसदस्य मतदारसंघातून निवडून येण्याचे दोनच मार्ग उरले. एक तर स्थानिक घराण्याची व गटाची पुण्याई पाठीशी असावी, किंवा मोठ्या पक्षाने आपण होऊन जागा मोकळी करून द्यावी. चेन ज्या मतदारसंघातून निवडून आले तेथे हे दोन्ही मार्ग पाठोपाठ वापरले गेले. म्हणूनच तो मतदारसंघ जरा निरखून पाहिला पाहिजे.

ताइचुंग शहराचा दुसरा मतदारसंघ नावाने शहरी असला तरी २०१० पर्यंत तो ताइचुंग परगण्याचा ग्रामीण व निमशहरी प्रदेश होता. शालू, लुंगचिंग, तातू, वूर व वूफेंग हे विभाग आणि तालीचा थोडासा भाग एवढा त्याचा विस्तार. लुंगचिंगच्या किनाऱ्यावर जगातील अतिप्रचंड कोळसा-वीजकेंद्रांपैकी एक उभे आहे. पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेले वूफेंग हे तैवानच्या प्रातिनिधिक राजकारणाचे तीर्थस्थान म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. येथील जमीनदार लिन घराण्यातील लिन श्येन-थांग (१८८१–१९५६) यांच्या नेतृत्वाखाली तैवानला स्वतःचे विधिमंडळ असावे अशी मागणी करणारे अर्ज जपानच्या साम्राज्य-संसदेकडे १९२१ पासून १९३४ पर्यंत पंधरा वेळा धाडण्यात आले. पंधराही वेळा ते निष्फळ ठरले, आणि १९२३ च्या डिसेंबरात चळवळीतील कार्यकर्त्यांची धरपकडही झाली. पुढे १९५८ मध्ये प्रांतिक सभा याच वूफेंगला हलविण्यात आली आणि १९९८ पर्यंत ती येथे भरत असे. मध्यवर्ती विधिमंडळ गोठलेले असताना तैवानच्या लोकांनी निवडलेले सभासद सरकारला प्रश्न विचारीत ते या इमारतीत. ‘पाच ड्रॅगन व एक फिनिक्स’ म्हणून गाजलेल्या सहा स्वतंत्र सभासदांची कीर्ती प्रांतिक सभेतील त्या वर्षांचीच आहे.

परंतु मतदारसंघाचे दैनंदिन राजकारण तीर्थस्थानाच्या पुण्याईवर चालत नसते. शालूचे येन छिंग-प्याओ हे त्या राजकारणाचे मध्यवर्ती पुरुष होते. ताइचुंग परगणा-सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. जवळच्या ताच्या येथील चेनलान मंदिराच्या व्यवस्थापक मंडळाचे ते अध्यक्ष होते. समुद्रदेवता मात्सूचे हे मंदिर आणि तेथून दरवर्षी निघणारी तीनशेहून अधिक किलोमीटरांची पदयात्रा यांचे महत्त्व धार्मिक आहेच. पण गावोगावची देवळे, शेतकरी संघ, गावप्रमुख आणि देणगीदार यांना एका सूत्रात ओवणारी ती संस्थाही आहे. येन २००२ पासून विधिमंडळात होते, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेही दीर्घकाळ एका लहान पक्षाचे, अपक्ष ऐक्य संघाचे, सभासद होते. त्या संघाला सिद्धान्त असा फारसा नव्हता. त्याचे सभासद आपापल्या मुलखाच्या बळावर निवडून येत व बहुधा कुओमिन्तांगच्या बाजूने मत देत. २०१२ मध्ये परगणा-सभेच्या निधीच्या अपहाराबद्दल येन यांची शिक्षा कायम झाली व त्यांची जागा रिकामी झाली. २६ जानेवारी २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव येन क्वान-हेंग कुओमिन्तांगतर्फे उभे राहिले आणि अवघ्या १,१३८ मतांनी विजयी झाले. २०१६ मध्ये लोकशाही प्रगती पक्षाची देशभर लाट आली तरी ही जागा त्यांनी राखली.

या घराण्यासमोर २०१९ च्या उत्तरार्धात जो उमेदवार उभा ठाकला तो मतदारसंघाबाहेरचा होता. १९८५ मध्ये जन्मलेले चेन पो-वेई दक्षिणेकडील काओशियुंगचे. चित्रपट-व्यवसायात त्यांनी काही वर्षे काढली होती. २०१८ मध्ये काओशियुंगच्या नगरसभेसाठी उभे राहून ते पराभूत झाले होते. त्यांची ख्याती होती ती दूरचित्रवाणीवरील वादचर्चांतील हजरजबाबी वक्ता म्हणून, आणि काओशियुंगचे तेव्हाचे महापौर हान क्वो-यू यांचे कडवे टीकाकार म्हणून. ‘थ्री क्यू’ हे त्यांचे टोपणनाव सर्वतोमुखी होते. चिनी भाषेत तीन म्हणजे ‘सान’. ‘सान-क्यू’ असे भराभर म्हटले की इंग्रजी ‘थँक यू’ चा भास होतो, एवढाच त्यातील विनोद. ज्या पक्षाचे ते उमेदवार होते त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘तैवान मूलगामी’ असा होतो; इंग्रजीत तो स्वतःस राज्यनिर्मिती पक्ष म्हणवितो. २०१२ मध्ये काओशियुंग येथे अभ्यासू तरुणांच्या गटातून सुरू झालेली ही संघटना २०१६ मध्ये रीतसर पक्ष बनली. तैवानचे स्वातंत्र्य हे तिचे उघड ध्येय. येन घराण्याच्या विरुद्ध आपल्या चिन्हावर पुनःपुन्हा हरलेल्या लोकशाही प्रगती पक्षाने या वेळी आपला उमेदवार उभा केला नाही व चेन यांना पाठिंबा दिला.

११ जानेवारी २०२० रोजी चेन यांना १,१२,८३९ व येन क्वान-हेंग यांना १,०७,७६६ मते पडली. अंतर ५,०७३ मतांचे. त्याच दिवशी त्साई इंग-वेन ५७ टक्क्यांहून अधिक मते मिळवून दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्या होत्या, आणि देशातील सुमारे पंचाहत्तर टक्के मतदार मतदानाला आले होते. चेन यांच्या पक्षाला यादीच्या मतदानात देशभर मिळून ३.१६ टक्के मते मिळाली. म्हणजे पाच टक्क्यांची मर्यादा तो गाठू शकला नाही. सभागृहात त्या पक्षाची जी एकमेव जागा होती ती अशा मतदारसंघातून आली होती, जेथे त्या पक्षाची म्हणण्यासारखी संघटना नव्हती. विजयाच्या जल्लोषात ही विसंगती फारशी कोणी बोलून दाखविली नाही.

विधिमंडळात चेन परराष्ट्र व संरक्षण या विषयांत विशेष रस घेत आणि शक्यतो तैवानी म्हणजे होक्किएन भाषेत बोलत. हा केवळ लहरीपणा नव्हता. लष्करी कायद्याच्या काळात शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना दंड केला जाई, गळ्यात पाटी अडकविली जाई. १९८७ मध्ये चू काओ-चेंग यांनी सभागृहात तैवानीतून भाषण केले तेव्हा चीनमधून आलेले वृद्ध सभासद खवळून उठले होते. २०१८ च्या अखेरीस संमत झालेल्या राष्ट्रीय भाषा विकास अधिनियमाने या सर्व भाषांना समान दर्जा दिला. चेन यांचा आग्रह असा की, कायद्याने दिलेला दर्जा प्रत्यक्ष वापरून पाहिला पाहिजे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी समितीच्या बैठकीत त्यांनी संरक्षणमंत्री छ्यू क्वो-चेंग यांना तैवानीतून प्रश्न विचारले व आपल्याबरोबर दुभाषाही आणला. मंत्र्यांनी दोघांना समजणाऱ्या भाषेत बोलावे असा हट्ट धरला. प्रश्नोत्तरांचा पुष्कळसा वेळ संरक्षणाऐवजी भाषेच्या वादात गेला. तत्त्वतः चेन यांची बाजू बळकट होती यात शंका नाही. परंतु मतदारसंघातील मतदान तेव्हा चार आठवड्यांवर आलेले होते, आणि ‘हा गृहस्थ आमच्या गावच्या कामांपेक्षा तैपेइतील वादात रमतो’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती त्या दृश्याने आयतेच कोलीत दिले, असेही म्हणावे लागते.

त्यांच्यावरील दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्साई सरकारने रॅक्टोपामिन हे मांसवृद्धीचे द्रव्य दिलेल्या अमेरिकन डुकरांच्या मांसाची आयात खुली करण्याचे ठरविले. डिसेंबरात विधिमंडळात त्यावर मतदान झाले, आणि चेन यांनी सरकारपक्षाच्या बाजूने मत दिले. विरोधकांनी त्यांस मोठ्या पक्षाची शेपूट ठरविले. खरे तर हा पेच त्यांच्या निवडणुकीतच दडलेला होता. परक्या पक्षाच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी त्या पक्षाविरुद्ध गेला तर कृतघ्न ठरतो, त्याच्याबरोबर गेला तर अनावश्यक ठरतो.

आता ज्या शस्त्राने त्यांचा पाडाव झाला त्याचा इतिहास पाहू. जुन्या कायद्यान्वये प्रत्यावाहनाच्या मतदानास निम्म्याहून अधिक मतदार उपस्थित असल्याखेरीज ते वैधच ठरत नसे. त्यासाठी उघड प्रचार करण्यासही मनाई होती. साहजिकच ज्याच्याविरुद्ध मोहीम निघे त्याच्या समर्थकांनी घरी स्वस्थ बसणे हाच उत्तम बचाव असे. मार्च–एप्रिल २०१४ मधील सूर्यफूल आंदोलनात विद्यार्थ्यांनी विधिमंडळाचे सभागृह चोवीस दिवस व्यापले, आणि त्यानंतर तरुण कार्यकर्त्यांनी कुओमिन्तांगच्या काही सभासदांविरुद्ध प्रत्यावाहनाची मोहीम उघडली. ‘निळ्या पक्षाचा सभासद’ आणि ‘आंत्रपुच्छ’ या दोन चिनी शब्दांच्या उच्चारसाम्यावरून तिला ‘आंत्रपुच्छ कापण्याची योजना’ असे नाव पडले. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी त्साई चेंग-युवान यांच्याविरुद्ध मतदान झाले. पडलेल्या मतांपैकी सुमारे ९७ टक्के मते त्यांना काढावे अशी होती. परंतु मतदार आले होते केवळ एक चतुर्थांश, आणि सारा खटाटोप व्यर्थ गेला. या अनुभवानंतर कायदा बदलावा ही मागणी जोर धरू लागली. सूर्यफूल आंदोलनातून जन्मलेला नवशक्ती पक्ष २०१६ मध्ये पाच जागा जिंकून विधिमंडळात आला होता, आणि या मागणीच्या अग्रभागी होता. २०१६ च्या अखेरीस दुरुस्ती झाली. अनुकूल मते प्रतिकूल मतांहून अधिक असावीत आणि ती एकूण मतदारांच्या एक चतुर्थांशाहून कमी नसावीत, एवढीच अट राहिली. प्रचारावरील बंदी उठली.

नव्या कायद्याखाली विधिमंडळाच्या ज्या सभासदाविरुद्ध सर्वप्रथम मतदान झाले ते होते त्याच नवशक्ती पक्षाचे ह्वांग क्वो-छांग! समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या गटाने ही मोहीम चालविली होती. १६ डिसेंबर २०१७ रोजी ४८,६९३ मते त्यांच्याविरुद्ध व २१,७४८ त्यांच्या बाजूने पडली; आवश्यक मर्यादा ६३,८८८ ची असल्याने ते बचावले. २०२० च्या ६ जूनला काओशियुंगच्या मतदारांनी महापौर हान क्वो-यू यांना ९,३९,०९० मतांनी पदच्युत केले, आणि त्या मोहिमेत चेन यांचा पक्ष हिरीरीने सहभागी होता. आज ज्याचा अभिमान वाटतो ते शस्त्र उद्या कोणाच्या हाती जाईल याचा विचार तेव्हा कोणी केला नाही. हान यांचे समर्थक मात्र तो दिवस विसरले नाहीत. पदग्रहणानंतर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत प्रत्यावाहनाचा अर्ज करता येत नाही. ते वर्ष २०२१ च्या आरंभी सरले आणि चेन यांच्याविरुद्ध सह्या गोळा होऊ लागल्या. २८ ऑगस्टला ठरलेले मतदान महामारीमुळे २३ ऑक्टोबरवर ढकलले गेले. तोपर्यंत कुओमिन्तांगची सारी यंत्रणा मोहिमेत उतरली होती, आणि दुसऱ्या बाजूने लोकशाही प्रगती पक्षाचे पुढारीही चेन यांच्यासाठी सभा घेत होते.

निकाल असा लागला : एकूण मतदार २,९४,९७६; आवश्यक मर्यादा ७३,७४४; परत बोलावावे अशी मते ७७,८९९; बोलावू नये अशी ७३,४३३. उपस्थिती ५१.७२ टक्के. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली ती ४,१५५ मतांनी, आणि दोन बाजूंतील अंतर होते ४,४६६.

नवा कायदा नसता तर चेन वाचले असते, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते तपासून घेतले पाहिजे. उपस्थिती निम्म्याहून अधिक होती. जुना नियमही वरवर पाहता पाळला गेला होता. परंतु जुना नियम असता तर चेन यांच्या बाजूचे ७३,००० लोक मतदानाला आलेच नसते. त्यांना घरी राहणेच श्रेयस्कर ठरले असते, आणि उपस्थिती २७ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. म्हणून विधान खरे आहे. फक्त त्याचे कारण मर्यादेच्या आकड्यात नसून मतदारांच्या वर्तनात आहे. नव्या कायद्याने अनुपस्थितीचे संरक्षण काढून घेतले, आणि प्रतिनिधीस मध्येच, एकट्याने, स्वतःच्या बळावर दुसरी निवडणूक लढविण्यास भाग पाडले.

ही दुसरी निवडणूक कोणत्या परिस्थितीत होते, तेही पाहण्यासारखे आहे. तैवानमध्ये टपालाने किंवा अन्य गावाहून मत देण्याची सोय नाही. ज्या गावी नोंदणी तेथे जाऊनच मत द्यावे लागते. अध्यक्षीय निवडणुकीला तैपेइत वा अन्यत्र नोकरी-शिक्षणासाठी राहणारे तरुण आगगाड्या भरभरून गावी येतात. एका सभासदाच्या प्रत्यावाहनासाठी तेवढे येत नाहीत. गावातच राहणारा, देवळाशी व शेतकरी संघाशी बांधलेला मतदार मात्र जागेवरच असतो. २०२० मध्ये येन यांना मिळालेल्या मतांच्या ७२ टक्के इतकी मते ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘परत बोलवा’ या बाजूस पडली. चेन यांना मिळालेल्या मतांच्या तुलनेत त्यांच्या बाजूस पडलेली मते ६५ टक्केच होती. ही तूट भरून काढू शकेल असे गावपातळीवरचे जाळे त्यांच्या पक्षाजवळ नव्हते.

इथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग हा घराण्याच्या संघटनेचा सरळ विजय होय. प्रस्तुत लेखकाचेही प्रथम तेच मत होते. पुढील पोटनिवडणुकीच्या आकड्यांनी ते बदलावे लागले. चेन यांच्या जागेसाठी ९ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे अकरा आठवड्यांनी, मतदान झाले. कुओमिन्तांगतर्फे पुन्हा येन क्वान-हेंग उभे होते. लोकशाही प्रगती पक्षाने या वेळी जागा स्वतःकडे घेऊन लिन चिंग-यी या डॉक्टर बाईंना उमेदवारी दिली. लिन यांना ८८,७५२ व येन यांना ८०,९१२ मते मिळाली. ऑक्टोबरातील ७७,८९९ आणि जानेवारीतील ८०,९१२ यांत केवळ तीन हजारांचा फरक आहे. विरोधी बाजूचे बळ जवळजवळ स्थिर राहिले. उलट ७३,४३३ वरून ८८,७५२ असा पंधरा हजारांहून अधिक मतांचा फरक पडला तो दुसऱ्या बाजूस. एकूण बेरजांवरून एकेका मतदाराचे मन सांगता येत नाही, हे खरे. मधल्या काळात येन यांच्या मालमत्तेविषयी वाद उठले होते. १८ डिसेंबरच्या सार्वमतात रॅक्टोपामिनच्या आयातबंदीसह विरोधकांचे चारही प्रस्ताव फेटाळले गेले होते, आणि सरकारपक्षाचा धीर वाढला होता. पोटनिवडणुकीत समोर एक जिवंत प्रतिस्पर्धी असतो, प्रत्यावाहनात नसतो, हाही भेद आहे. इतके सगळे वजा केले तरी एक गोष्ट उरतेच. त्या मतदारसंघाने ऑक्टोबरात ना येन घराण्याला कौल दिला, ना चेन यांच्या बाजूच्या राजकारणाला कायमचा नकार दिला. त्या बाजूचे हजारो मतदार लहान पक्षाच्या माणसाला वाचविण्यासाठी घराबाहेर पडले नाहीत. मोठ्या पक्षाचे चिन्ह समोर येताच पडले.

यात चेन यांचा स्वतःचा दोष किती? काही आहेच. एकसदस्य मतदारसंघाचा प्रतिनिधी हा गटारे, रस्ते आणि लग्न-मर्तिके यांचाही प्रतिनिधी असतो. मतदारसंघासाठी आणलेल्या निधीची यादी त्यांनी मोहिमेच्या अखेरच्या आठवड्यांत पुनःपुन्हा वाचून दाखविली, त्यावरून ही गोष्ट त्यांना उशिरा का होईना उमगली होती असे दिसते. तथापि येन छिंग-प्याओ यांच्या लहान पक्षाशी तुलना करता दोष केवळ व्यक्तीचा मानता येत नाही. अपक्ष ऐक्य संघाजवळ सिद्धान्त नव्हता पण गाव होते; मूलगामी पक्षाजवळ सिद्धान्त होता पण गाव नव्हते. २००८ नंतरच्या निवडणूक-पद्धतीत पहिला प्रकार पिढ्यानुपिढ्या टिकू शकला, दुसरा एका मुदतीपुरताही टिकला नाही.

त्याच ९ जानेवारी २०२२ रोजी तैपेइच्या पाचव्या मतदारसंघात फ्रेडी लिम यांच्यावर प्रत्यावाहनाचे मतदान झाले. संगीतकार म्हणून प्रसिद्ध असलेले लिम २०१६ मध्ये नवशक्ती पक्षातर्फे निवडून आले होते. २०१९ मध्ये पक्ष सोडून २०२० मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा विजयी झाले होते. त्यांच्याविरुद्ध ५४,८१३ व बाजूने ४३,३४० मते पडली. विरोधी मते अधिक असूनही ५८,७५६ ची मर्यादा न गाठल्यामुळे ते वाचले. ह्वांग, चेन, लिम : २०१७ पासून २०२२ पर्यंत विधिमंडळाच्या ज्या तीन सभासदांवर या कायद्याखाली मतदान झाले, ते तिघेही मोठ्या पक्षाने मोकळ्या केलेल्या जागांवरून निवडून आलेले होते.

जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत येन क्वान-हेंग यांनी लिन चिंग-यी यांचा पराभव करून आपली जुनी जागा परत मिळविली. देशातील ७३ एकसदस्य मतदारसंघांपैकी एकाही ठिकाणी लहान पक्षाचा उमेदवार निवडून आला नाही, आणि चेन यांच्या पक्षाची यादीतील मते एक टक्क्याच्याही खाली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने प्रत्यावाहनाच्या सह्यांविषयीचे नियम पुन्हा कडक केले. दुरुस्तीच्या बाजूने मत देणाऱ्या तैवान जनता पक्षाच्या गटाचे नेते होते ह्वांग क्वो-छांग. २०२५ च्या २६ जुलै व २३ ऑगस्ट रोजी कुओमिन्तांगच्या एकतीस सभासदांवर प्रत्यावाहनाचे मतदान झाले. एकतीसही आपापल्या जागी राहिले. येन क्वान-हेंग हे त्यांपैकी एक होते.